तिसरा दणका

दादाला राग आला की तो आधी दार लावतो. मग खिडक्या लावतो. मग प्रार्थना करतो. आणि मग कोणाचा तरी उद्धार करतो. या क्रमात आजवर बदल झालेला नाही. त्यामुळे रविवारी भर दुपारी, उपासना सुटून तासही झाला नव्हता तेव्हा, कारखान्याचं पत्र्याचं दार धाडकन बंद झालं आणि नाट्या मनात म्हणाला, आता दोन खिडक्या, एक प्रार्थना, की लागलाच नंबर.

फक्त आज नंबर त्याचा नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या नाट्याला हे जरा नवीनच होतं. या घरात काही फुटलं, हरवलं, पेटलं किंवा नको तिथे सापडलं की चौकशी न करता त्याचं नाव घ्यायचा रिवाज होता, आणि दहातल्या नऊ वेळा तो रिवाज बरोबर निघायचा.

कामाच्या लांब टेबलावर मोडकी शिडी आडवी पडली होती. प्रेत ठेवावं तशी. टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उपासनेचा कोट अजून अंगात. त्यांच्या शेजारी वहिनी, गीतांचं पुस्तक काखेत. रंध्याच्या साली साठल्या होत्या त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून दादाची मुलगी. तिचं खरं नाव फक्त चर्चच्या मंडळीच्या वहीत उरलं होतं. चोवीस वर्षांची झाली तरी सगळे तिला चिमणीच म्हणत.

"डोळे मिटा," दादा म्हणाला.

सगळ्यांनी मिटले. नाट्याने एक मिटला.

"हे देवबापा," दादा म्हणाला, "या घरातून तुझं भय निघून गेलं. म्हणून तू आम्हाला हा दिवस दाखवलास. तुझा हात जड आहे. जो लपवतो, त्याचं तू उघडं करतोस. आता उघडं कर. आमेन."

"आमेन," बाबा आणि वहिनी म्हणाले. चिमणी म्हणाली नाही. नाट्याच्या उघड्या डोळ्याला दिसलं, तिचेही दोन्ही डोळे उघडे होते आणि ते बापावर रोखलेले होते.

शुक्रवारी रंगारी पडला होता. पंधरा वर्षं तो यांच्याकडूनच शिडी नेत होता, दुसऱ्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. एका जिन्याचं छत रंगवत होता, सगळ्यात वरची पायरी पायाखाली दुभंगली, आणि माणूस रंगाच्या डब्यासकट खाली. खुब्याचं हाड मोडलं. आज सकाळी त्याच्या मेव्हण्याने ती शिडी आणून फाटकाला टेकवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"गाठ होती लाकडात," दादा म्हणाला. त्याने मोडकी पायरी उचलून सगळ्यांसमोर धरली. खालच्या बाजूला सुपारीएवढी काळी गाठ, आणि तडा तिथूनच गेलेला.

"लाकूड मी कापलंय," नाट्या म्हणाला. "गाठ माझ्या नजरेतून सुटली. ते माझ्या नावावर लिही."

"नजर चुकते. म्हणूनच तर दणके असतात."

ते खरं होतं. कारखाना काढला नाट्याच्या आजोबांनी, आणि पहिल्याच दिवशी नियम घातला. शिडी कितीही चांगली दिसो, भिंतीवरच्या लोखंडी कडीला टेकवायची, घरातल्याच माणसाने वर चढायचं, एका हाताने कडी धरायची आणि वरच्या पायरीवर अंगाचा सगळा भार टाकून तीन दणके द्यायचे. एक बापाच्या नावाने, एक पुत्राच्या, एक पवित्र आत्म्याच्या. लहानपणी नाट्या चौथा द्यायचा, तेव्हा आजोबा विचारायचे, हा कोणासाठी, तुझ्या खाजेसाठी का? तिन्ही दणके शिडीने सोसले की त्या पायरीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने आपली खूण काढायची. गिऱ्हाईक तिथे कधी बघत नाही. तिथे देव बघतो, असं आजोबा म्हणत. बाबांची खूण क्रूस. दादाची मुकुट. नाट्याची जीभ बाहेर काढलेला चेहरा. त्यापायी पंधराव्या वर्षी त्याने मार खाल्ला होता, पण चेहरा बदलला नव्हता. आणि चिमणीची चिमणी.

"खूण कोणाची आहे?" दादाने विचारलं.

त्याने पायरी नाट्यापुढे केली.

"वाच ना."

"चित्र आहे दादा. वाचू काय त्याच्यात," नाट्या म्हणाला.

"भावोजी, आज तरी थट्टा नको," वहिनी म्हणाली. "माणूस दवाखान्यात पडलाय."

"चिमणीची खूण आहे," दादा म्हणाला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. दादाचा खरा राग असाच, तळघरातून यायचा. "माझ्या पोटच्या पोरीने शिडीवर पाय न ठेवता खूण केली. घरात रोज संध्याकाळी शास्त्र वाचतो आम्ही. पाठ आहे हिला सगळं. पाठ असून उपयोग काय? देवाचं भय नाही. बापाचं नाही. एका माणसाचा खुबा मोडला, उद्या कोणाची मान मोडेल. पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभी राहशील आणि कबुली देशील. आणि उद्यापासून या कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. मघाशी पाळकसाहेबांच्या कानावर घालून आलोय मी."

"एवढ्यात घातलंत पण?" वहिनी पुटपुटली.

"पाप झाकायचं का मग?"

"झाकायचं म्हणत नाहीये. पण आधी पोरीला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? देवाच्या डोळ्यासमोर पेन्सिलीने लिहिलंय."

चिमणी गप्प. हेच नाट्याला खटकलं. पाळकसाहेबांना भर वर्गात 'देव आपल्या डोक्यावरचे केस मोजतो तर टकल्या माणसांचं काम लवकर आटपत असेल का' असं विचारून आलेली ही पोरगी. तोंड मिटलेलं तिला फक्त झोपेत जमायचं. आणि आज बाप तिला घरच्या धंद्यातून हाकलतोय, भरल्या मंडळीत नाक घासायला लावतोय, आणि ही भिंतीला टेकून उभी. रडत नाही. नाही म्हणत नाही. हो म्हणत नाही. नुसती बघतेय बापाकडे, कुकरच्या शिट्या मोजत उभं राहावं तशी.

"दे इकडे," नाट्या म्हणाला आणि दादाच्या हातातून पायरी घेतली.

छोटीशी चिमणी. दोन रेघांचे पाय, एक ठिपका डोळा, चोच. काढणाऱ्याने जीव ओतून काढली होती.

आता नाट्याचे दोष पुष्कळ होते, पण एक विद्या त्याच्या अंगी होती जी बाकी कोणाकडे नव्हती. घरातल्या सगळ्यांच्या खोट्या खुणा काढण्यात त्याने तारुण्य घालवलं होतं. बाबांचा क्रूस त्याने एकदा घरातल्या सगळ्या बशांच्या तळाला काढला होता. दादाचा मुकुट दादाच्याच चपलेवर. चिमणीची खूण मात्र त्याला कधी जमली नाही, आणि का जमली नाही हेही त्याला माहीत होतं. पोरगी डावखुरी. डावखुऱ्याचा हात पाखराचं तोंड आपोआप उजवीकडे काढतो. उजव्या हाताचा माणूस काढायला बसला की चोच डावीकडे जाते. मुद्दाम उजवीकडे काढायला गेलं तर ती चिमणी न होता बदक होते.

ही चिमणी डावीकडे बघत होती.

नाट्याच्या कानशिलात काहीतरी तापलं. त्याने पायरी हळूच खाली ठेवली आणि कोणाला काही न सांगता मागच्या भिंतीकडे गेला. उद्याच्या टेम्पोसाठी एकोणीस शिड्या तिथे उभ्या होत्या. मान वाकडी करून तो एकेकीची वरची पायरी खालून बघत गेला.

"काय करतोयस?" दादाने विचारलं.

"देव कुठे कुठे बघतो ते बघतोय." तो शेवटपर्यंत गेला आणि परत आला. "दादा, शनिवारी दणकावायला तू आणि चिमणी असता ना? अर्ध्या तिच्या, अर्ध्या तुझ्या?"

"मग?"

"एकोणीस शिड्यांवर चिमण्याच चिमण्या. तुझा मुकुट एकावरही नाही रे."

"ती शिकतेय. तिला जास्त दिल्या. मी खाली उभा राहून बघतो."

"बघतोस. बरं." नाट्याने एक शिडी उचलली. निवडून उचलली. ती भिंतीवरच्या कडीला टेकवली, पाय घट्ट रोवले, हात झटकले. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, ज्याच्या वासाने घरातली मांजरं पळायची. पण आत तो हसत नव्हता. आत तो इतका चिडला होता की दात एकमेकांवर घासत होते. "चल. कोर्ट भरलंच आहे तर पुरावा पण बघू. या शिडीवर चिमणीची खूण आहे. उद्या ही कोणाच्या तरी घरी जायची. चढ गं चिमणे. दे तीन दणके सगळ्यांसमोर."

चिमणीने हाताची घडी सोडली आणि पुढे आली. एक पाय पायरीवर ठेवला.

"ती नाही चढणार," दादा म्हणाला.

फार पटकन म्हणाला. वहिनीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

"का रे?" नाट्या म्हणाला. "हिच्यात गाठ दिसली का तुला? मला तर दिसली नाही."

"मी शिक्षा सांगितली आहे. तमाशा नकोय इथे."

"मग तू चढ. बाप आहेस, कारखान्याचा मुख्य आहेस. आणि देवाचं भय तुझ्याएवढं या गल्लीत कोणाला आहे? चढ."

"नाट्या, तोंड सांभाळ."

"अहो," वहिनी हळूच म्हणाली. "घाम किती आलाय तुम्हाला."

"उकडतंय."

"दार तुम्हीच लावलंत."

नाट्याला वाटत होतं, आता एक ढकला की झालं. इतकी वर्षं ज्याने आपल्याला प्रत्येक चुकीला नरक दाखवला, तो आज स्वतःच्या तोंडाने बोलेल. खोडी चांगली बसली होती. फक्त खोडीत आणि रंध्यात एक साम्य असतं, हातातून सुटला की आपलंच बोट कापतो. कारण तेवढ्यात स्टूल करकरलं आणि बाबा उठले.

त्यांनी कोट काढला. घडी घातली. स्टुलावर ठेवला.

"मी चढतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही बसा," नाट्या म्हणाला. त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "तुमचं काम नाही हे."

"खूण कोणाचीही असू दे, छाप माझ्या बापाच्या घराची आहे. एक माणूस पडलाय. दुसरी ठीक आहे की नाही ते मला बघू दे."

"मी चढतो ना. बाबा, मी गंमत करत होतो."

"पन्नास वर्षं तेच सांगतोयस. हो बाजूला."

बाबांचे गुडघे गेली सहा वर्षं कामातून गेले होते. घरातला एक उंबरा ओलांडताना ते दाराची चौकट धरायचे. पण आवाज अजून तोच होता, आणि त्या आवाजाने 'हो बाजूला' म्हटलं की नाट्याचे पाय अजून आठ वर्षांचे व्हायचे. तो बाजूला झाला. म्हातारा चढला. एक पायरी. दोन. तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबला. चौथी. कडी अजून हातभर लांब होती आणि तिच्याकडे जाणारा हात पिंपळपानासारखा थरथरत होता.

"आजोबा," चिमणी म्हणाली, आणि तिच्या तोंडून निघालेला आजच्या दिवसातला हा पहिला शब्द होता.

पाचवी पायरी.

"उतरा," दादा म्हणाला.

बाबांनी पाय उचलला.

"बाबा उतरा. ती दणकावलेली नाही." दादा धावला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडीचे दांडे पकडले. "पाया पडतो तुमच्या, वर जाऊ नका. तिच्यावर कोणी चढलेलंच नाही."

"तुला कसं माहीत?"

"कारण खूण मी काढली."

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"त्या भिंतीकडच्या अकरा," दादा शिडीला कपाळ टेकून म्हणाला. "गेल्या महिन्यात बाहेर गेल्या त्यातल्या सात. रंगाऱ्याची धरून."

बाबा उतरले. शेवटच्या पायरीला नाट्याने त्यांना काखेत धरून जमिनीवर ठेवलं. मग वळला.

"का?"

"कडी सुटली होती माझी. दीड महिन्यापूर्वी. कोणी नव्हतं तेव्हा. लोंबकळलो एका पायावर. तेव्हापासून तिसऱ्या पायरीच्या वर गेलो की पाय लटपटतात. डोळ्यापुढे अंधारी येते."

"तर सांगायचं. मी चढलो असतो. माकडासारखा चढलो असतो मी, मला दुसरं येतं काय?"

"कसं सांगू? दर रविवारी मंडळीसमोर उभा राहून सांगतो मी, देवाला भ्या आणि दुसऱ्या कशाला भिऊ नका. आणि मी शिडीला भितो?"

"ते जाऊ दे. तुझी खूण का नाही काढलीस? मुकुट का नाही काढलास तुझा?"

दादा दांड्यावर अंगठा घासत राहिला.

"बोल ना."

"आजवर माझ्या खुणेखाली मी कधी खोटं केलं नव्हतं," दादा म्हणाला. "देव बघतो तिथे. माझ्या नावाने... हात धजला नाही."

हे ऐकून नाट्याला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग कळलं तेव्हा त्याने टेबलावर अशी थाप मारली की पाचरींचा डबा उलटून सगळीकडे पाचरी झाल्या. "म्हणजे देवाची भीती वाटली म्हणून तू पोरीच्या नावावर खोटं लिहिलंस? तो वरून बघेल आणि म्हणेल, अरे ही तर चिमणी, थोरल्याचा काही संबंध नाही? दादा, मी आयुष्यभर माणसांना फसवलं रे. देवाला टोपी घालायचं माझ्याही डोक्यात आलं नाही कधी."

"आणि आज पाळकसाहेबांना सांगून आलात," वहिनी म्हणाली. गीतांचं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याच्या बाजूची जागा सोडून ती चालत पोरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. चार पावलांचं अंतर, पण तीस वर्षांत ती ते कधी चालली नव्हती. "मीही तुमचंच धरून बसले. सकाळपासून मनात हिलाच शिव्या घालतेय."

"घाबरलो होतो," दादा म्हणाला.

"तू माहीत होतं का गं?" नाट्याने चिमणीला विचारलं. रागात त्याची जीभही गडबडली. "तुला माहीत होतं?"

"आज सकाळी कळलं. फाटकाशी शिडी बघितली तेव्हाच. माझी चिमणी मला कळत नाही काय?"

"मग बोलली का नाहीस? फाशी देत होता तो तुला."

"बोलले असते तर काय झालं असतं काका? आईबापाचा मान राख, झालं, शास्त्र निघालं असतं." तिने बापाकडे बघितलं. "आणि मला बघायचं होतं. कुठवर जातात. मला वाटलं प्रार्थनेत थांबतील. तिथे थांबले नाहीत. मग वाटलं, कारखान्यातून काढताना तरी थांबतील. तुम्ही थांबलातच नाही पप्पा. सरळ गेलात, ब्रेक नसलेल्या टेम्पोसारखे."



बाबा स्टुलावर बसले होते. ते आपल्या हाताकडे बघत होते, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. "दारामागे खिळा आहे," ते म्हणाले. "त्याला लाकडी गज असायचा माझा. आठवतो तुला?"

दादाने मान हलवली. आठवत नसता तर नवल होतं.

"नऊ वर्षांचा होतास. पहिल्यांदा वर चढलास आणि रडायला लागलास. मी खालून गज मारला तुझ्या पोटऱ्यांवर. म्हटलं, भित्रा माणूस देवाला आवडत नाही. तू चढलास. मला वाटलं, पोरगं देवाला भ्यायला शिकलं." बाबांनी हात मांडीखाली दाबून धरला. "मला भ्यायला शिकला होतास तू. भय माझं होतं, मी नाव देवाचं लावलं. ही पण खोटीच खूण की. पहिली माझी."

"मला पण मारलंत की," नाट्या म्हणाला.

"तुला मारून उपयोग झाला असता तर हे घर सुखी नसतं का झालं?"

एरवी सगळे हसले असते. आज फक्त नाट्याच्या नाकातून थोडी हवा निघाली.

"मग देवाचं भय म्हणजे काय?" दादा अचानक ओरडला. त्याचा राग आता कोणावर होता ते त्यालाच कळत नव्हतं. "इतकी वर्षं मी तेच घेऊन जगलो. सकाळी उठताना, जेवताना, झोपताना. वरून कोणीतरी गज घेऊन बघतंय. ते नाही तर काय? सांगा ना बाबा. ते पण खोटं म्हणता तर मी उभा कशावर राहू?"

बाबांनी त्या शिडीकडे बोट दाखवलं.

"आत्ता तू उतरा म्हणून ओरडलास. मार बसेल म्हणून ओरडलास का?"

"नाही."

"उलट खरं बोललास तर सगळं जाणार होतं तुझं. तरी ओरडलास. कशाचं भय वाटलं?"

"तुम्ही पडाल याचं."

"माझ्यामुळे पडाल, असं," बाबांनी दुरुस्त केलं.

दादाचे हात शिडीच्या दांड्यावरून खाली आले.

"त्याच्याच आसपास कुठेतरी असेल बघ," बाबा म्हणाले. "मला तरी या वयात कुठे नीट समजलंय."

"छान झालं," चिमणी म्हणाली. आवाज असा की सगळ्यांच्या मानाच वळल्या. "सगळ्यांना कळलं, सगळ्यांना वाईट वाटलं. आता चहा टाकायचा का? रंगारीकाका तिकडे पाठीवर पडलाय. सहा शिड्या अजून बाहेर आहेत. उद्या सकाळी सहा माणसं त्यांच्यावर चढतील, माझं नाव आहे म्हणून." तिने जाऊन पत्र्याचं दार सरकवलं. ऊन आत कोसळलं. "पप्पा, आधी दवाखाना. मग पाळकसाहेब, कानावर घातलंत ते काढून घ्या. मग सहा घरं. काका, टेम्पो काढ."

दवाखान्यात रंगारी भिंतीकडच्या खाटेवर होता. पायाला दोरी, दोरीला वजन, वजन खाटेच्या टोकाशी लोंबत होतं. केसांत अजून पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते, ते कोणी धुतले नव्हते. दादा खाटेपाशी उभा राहिला. नाट्या दारात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकही विनोद सुचत नव्हता.

"शिडी मी तपासायची होती," दादा म्हणाला. "तपासली नाही. खूण केली. ती पण पोरीच्या नावाने."

रंगाऱ्याने छताकडे बघितलं. धंद्यातला माणूस, छताचे पापुद्रे त्याला दिसतच होते.

"मघाशी मेव्हणा येऊन गेला. म्हणाला, पोरीची चूक झाली म्हणतात."

"ते मीच पसरवलं."

"मी वर चढलो की खाली बघत नाही," रंगारी सावकाश म्हणाला. "पंधरा वर्षं नाही बघितलं. बाकीचे पोरं बघतात, मी नाही. का? तर तुमच्या घरचं माणूस तिथे माझ्या आधी उभं राहून गेलंय. एवढंच. शिडी काय, कोणीही बनवतं."

"मला माफ—"

"नको. आज नको. आज तुमचं तोंड बघवत नाहीये." त्याचा श्वास वर आला, दुखलं बहुतेक. "मेव्हण्याकडे तुमचीच आहे, गेल्याच महिन्यात नेलेली. उद्या सकाळी त्याचं काम आहे तिसऱ्या मजल्यावर. ती आधी आणा. निघा."

ते निघाले. मेव्हण्याने दार उघडलं, ऐकून घेतलं, शिडी रस्त्यावर फेकली. दुसऱ्या घरात एका म्हातारीने दादाला दहा मिनिटं धुतला. प्रत्येक दारात दादा तेच वाक्य म्हणाला, शब्दाला शब्द, आणि प्रत्येक दारात ते म्हणणं त्याला आणखी जड गेलं. पाळकसाहेबांकडे तो एकटाच आत गेला. बाहेर आला तेव्हा आत काय झालं ते नाट्याने विचारलं नाही. हे पण पहिल्यांदाच.

परत आले तेव्हा ऊन कारखान्याच्या मागच्या भिंतीवर पिवळं पडलं होतं. चिमणीने त्या अकरा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. सहा टेम्पोतून उतरल्या. सतरा.

"मी घेतो," नाट्याने बाह्या वर केल्या. "अर्ध्या तासात सतरा. चौथा दणका फुकट."

"तू नाही काका."

"अगं, त्याचे पाय—"

"ज्याने खूण केली त्याने चढायचं." तिने पहिली शिडी कडीला लावली. "शिकवलंय आम्हाला."

"सूड घेतेयस का बापावर?" वहिनीने विचारलं.

"थोडासा," चिमणी म्हणाली.

दादाने चपला काढल्या. चढला. एक, दोन. तिसऱ्यावर त्याच्या पोटऱ्या थडथडायला लागल्या. दांडे धरलेल्या बोटांची पेरं पांढरी झाली. खाली बाबा स्टुलावर, रिकाम्या हातांनी. गज नाही, आवाज नाही.

चिमणी चालत गेली आणि शिडीच्या बरोबर खाली, भिंत आणि शिडी यांच्यामध्ये, जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," दादा वरून म्हणाला.

"नाही."

"पायरी मोडली तर तुझ्या डोक्यात येईन मी."

"माहीत आहे."

"चिमणे, हो बाजूला. मला भीती वाटतेय."

"वाटू दे. मी तुम्हाला माफ केलेलं नाहीये पप्पा. पण मी इथून हलणार पण नाही. आता प्रत्येक पायरी नीट बघून चढा."

नाट्याने एक पाऊल पुढे टाकलं. बाबांनी त्याचा शर्ट मागून धरला.

दादा खूप वेळ तिथेच थांबला. मग त्याने वाकून चौथी पायरी बघितली, खालून हात फिरवून बघितली, आणि तिच्यावर पाय ठेवला. मग पाचवी. प्रत्येक पायरी त्याने अशी चाचपली जशी आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो. वर पोचला. कडी धरली. डोळे मिटले, मग उघडले आणि खाली पोरीच्या केसांच्या भांगाकडे बघितलं.

पहिला दणका. शिडी करकरली.

दुसरा. भिंतीची माती थोडी चिमणीच्या खांद्यावर पडली. ती हलली नाही.

तिसऱ्याला त्याने इतका वेळ घेतला की वहिनीने पदर तोंडात कोंबला. मग तो दणका बसला. अंगाचा सगळा भार, सगळी वर्षं, धप्प.

लाकडाने धरलं.

तो खाली आला तेव्हा शर्ट पिळून निघेल एवढा भिजला होता. चिमणीने खिशातून पेन्सिल आणि रबर काढून त्याच्यासमोर धरलं. त्याने शिडी उतरवली, आडवी केली, गुडघ्यावर बसून वरच्या पायरीची खालची बाजू शोधली. डावीकडे बघणारी चिमणी खोडली. बराच वेळ खोडत राहिला, लाकूड उजळेपर्यंत. मग तिथे मुकुट काढला. तो वाकडाच आला.

त्याने वर पोरीकडे बघितलं. काहीतरी म्हणेल अशा आशेने.

चिमणीने दुसरी शिडी उचलली, कडीला लावली, पाय रोवून बघितले, आणि तिच्याखाली जाऊन उभी राहिली.

"सोळा राहिल्या," ती म्हणाली.